आत्यानं प्यायलेलं दूध

मी चरवी बोलतेय. अंकोले या गाई पाळणाऱ्यांच्या मुलखात, माळावर रुतारोचं घर आहे, तिथली लाकूड कोरून केलेली दुधाची चरवी. ताकाला जाऊन भांडं लपवू नये म्हणतात. मी तर स्वतःच भांडं, तेव्हा सगळं सांगून टाकते.

रुतारोच्या आजोबांनी मला कोरलं. घरातल्या बायका मला सुगंधी गवताचा धूर देतात, डोक्यावर विणलेली टोपी चढवतात आणि मग लांब शिंगांच्या गाईंचं दूध माझ्यात ओततात. इतके लाड तर घरातल्या लेकरांचेही होत नाहीत. पण भरलं की भरून घ्यायचं आणि तोंडाला लावलं की रितं व्हायचं, एवढंच माझ्या नशिबी. तोंड आहे, पण नाही म्हणता येत नाही.

चाळीस वर्षांपूर्वी रुतारोच्या बहिणीला, न्यामिशानाला, लग्नाआधी आतल्या खोलीत बसवलं होतं. नवरी जितकी जाड, तितकं माहेरच्या गोठ्याचं नाव मोठं. माझ्यातूनच ती दूध प्यायली. लग्नात तिला दोघींनी धरून चालवलं, तेव्हा लोकांनी तोंडभर कौतुक केलं. खोटं कशाला बोलू, मीही फुशारले होते. पुढे तिच्या रक्तात साखर वाढली, पायाचं एक बोट गेलं आणि नवरा वारल्यावर ती भावाकडे परत आली.

आताशा ही रीत बहुतेकांनी सोडलीय. पण रुतारोच्या मुलीला, केमिरेंबेला, मोठ्या घरचं स्थळ आलं आणि त्याच्या डोक्यात जुनं वारं शिरलं. एकोणीस वर्षांची सडपातळ पोर त्यानं आत बसवली. पाजायचं काम आत्याचं, म्हणजे न्यामिशानाचं, तशी रीतच. दिवसातून पाच वेळा मला काठोकाठ भरायचे. रुतारो दाराबाहेर ठाण मांडायचा आणि रिकामी चरवी पाहिल्याशिवाय उठायचा नाही.

पोर रडायची, ओकायची. दूध मुद्दाम जमिनीवर ओतलं तर गाई आटतात, असं आमच्यात मानतात, त्यामुळे फेकून द्यायचीही सोय नव्हती. इकडे आड, तिकडे विहीर. चौथ्या दिवशी आत्यानं मला तिच्या हातातून काढून घेतलं.

"आत्या, तुला हे चालत नाही," केमिरेंबे कुजबुजली.

"मला आता कुठं नांदायला जायचंय?" असं म्हणून आत्यानं मला तोंडाला लावलं.

सोळा दिवस ती पीत राहिली. तिची तहान वाढली, डोळ्यांपुढे धुकं यायला लागलं, पायाची जखम चिघळली. मला कलंडता आलं असतं तर गाई आटण्याची भीती सोडून कलंडले असते. सतराव्या दिवशी दुपारी ती माझ्या शेजारीच कोसळली. रुतारो गाईंना पाण्यावर घेऊन गेला होता. आत बसवलेल्या मुलीनं उंबरा ओलांडायचा नसतो. केमिरेंबे साऱ्या गावादेखत दवाखान्यापर्यंत पळत गेली.

नर्स मोटरसायकलवरून आली. रुतारोही परतला होता. दूध खरं कोण पीत होतं, ते केमिरेंबेनं दोघांनाही सांगून टाकलं. आत्याला मोठ्या दवाखान्यात हलवता हलवता नर्सनं त्याला सुनावलं, "काका, दूध वाईट नाही. पेलाभर ताक घ्या, हिंडा-फिरा, काही होत नाही. पण माणसाला कोंडून चरव्याच्या चरव्या ओतल्या तर कुठल्या शरीराला झेपेल?"

आत्याचा जीव वाचला. पाय मात्र गुडघ्याखाली कापावा लागला.

तुम्हाला वाटेल, आता तरी रुतारो शहाणा झाला असेल. छे! पोरीनं फसवलं, एवढंच त्याच्या मनात राहिलं. आज सकाळी त्यानं मला पुन्हा भरून तिच्यापुढे ठेवलं आणि दाराशी जाऊन बसला. केमिरेंबेनं मला उचललं आणि त्याच्याच हातात दिलं.

"बाबा, आज तुम्ही प्या. रिकामी झाली की दुसरी भरून आणते. आत्या दिवसाला पाच प्यायची."

रुतारो हसला. यात काय मोठं, म्हणून घटाघटा प्यायला. मग थांबला, दम खाल्ला, पुन्हा मला तोंडाला लावलं. दूध नाकात गेलं, डोळ्यांत पाणी आलं. मुलगी समोर नुसती बसून होती.

"हे तिनं सोळा दिवस केलं?" त्यानं विचारलं. केमिरेंबेनं होकारार्थी मान हलवली.

मी भरलेली आहे म्हणून कुणीतरी मला संपवलंच पाहिजे, असं मानू नका. एवढंच माझं मागणं. मी अजून अर्धी आहे. रुतारोनं मला दोन्ही हातांनी धरून ठेवलंय. त्याला आता मला पिताही येत नाही आणि लेकीपुढे ठेवताही येत नाही.