उपरण्याखालचा सौदा

आरं सांगतो, पण आमच्या दादासो काकाच्या कानावर जाता कामा न्हाई.

सांगलीतला आमचा वाडा तुमी बघितलाय न्हवं? पणज्यानं हळदीच्या व्यापारावर बांधलेला. एकट्याच्या कवेत मावत न्हाईत असलं सागवानी खांब, चौकटीवर कोरलेली केळफुलं, वर समदा लाकडी कडीपाट. आन चौकाच्या फरश्यांखाली हळद साठवायची पेवं. ल्हानपणी आमी चौकात उड्या मारायचो, तर खालनं घुमल्यागत आवाज यायचा. सुट्टीला गेलं की सकाळी अंथरुणातच हळदीचा वास. बहात्तरच्या दुष्काळापास्नं पेवं रिकामी हायती, वास काय गेला न्हाई.

तर यंदा काकानं काढलं, वाडा विकायचा आन साताऱ्याला बंगला बांधायचा. त्याची नोकरी तितं. गिऱ्हाईकबी आणलं, मिरजेचं कुतुबुद्दीन चाचा. जुनी घरं पाडून लाकूड विकायचा त्यांचा धंदा. पण वाडा आज्जाच्या नावावर. आज्जा म्हंजे लालासाहेब, जल्म हळदपेठेत गेलेला. त्यो म्हणाला, "सौदा मी करनार. आपल्या रीतीनं."

आपली रीत म्हंजे दोघांनी कापडाखाली हात घालायचं आन बोटं दाबून भाव सांगायचा. तोंडानं चकार शबूद न्हाई. भोवतीच्यांना कायबी कळत न्हाई.

सोप्यात बसली दोघं. आज्जानं हातांवर उपरणं टाकलं. मी काकाच्या शेजारी, काकाचा नुसता पाय हलतोय. लय येळ गेला गड्या. चाचा एकदा आज्जाकडं बघतोय, एकदा वर तुळईकडं. शेवटी हात काढला आन म्हणाला, "न्हाई जमत दादासो. लय चिवट हायती तुमचं आबा."

काका उखडला. "आबा, आवं मागितलं तरी किती?"

"उपरण्याखालचं भाईर सांगत न्हाईत," म्हणत आज्जानं पान लावायला घेतलं.

मी चाचाला स्टँडवर सोडाय गेलो. यष्टी लागली तवा इचारलंच.

"भाव कसला रं," चाचा म्हणाला. "एक बोट दाबलं न्हाई तुज्या आज्जानं. नुसता हात गच्च धरून बसला. मी सोडवाय बघतोय, सोडंना. असल्या हातावर काय बोली लावायची?"

घरी आलो तर आज्जा चौकात उभा, टाच आपटून फरशीचा आवाज ऐकत व्हता. आन काका अजून जेवताना आज्जाच्या बोटांकडं बघतोय.