लाल फुली

आजेसासरे हिराजी मिठागरात राबले. सासरे नामा यांनी पेंढ्याचे गोदाम बांधले. माझे यजमान बंडूशेठ यांनी द्रोणागिरीत कंटेनरचे यार्ड उभे केले. आणि त्यांचा थोरला, माझा कुंदन, त्या सकाळी तिघांच्या तसबिरींना उदबत्ती ओवाळून मेन स्विचवर हात ठेवून उभा होता.

गोदामातला पेंढा एकदा तारेच्या ठिणगीने पेटला होता. तेव्हापासून आमच्या घराण्याचा नियम आहे: संध्याकाळी मेन स्विच खाली, सकाळी थोरल्याच्या हाताने वर. मी ऑफिसात खुर्ची टाकून बसलेली असताना तो मोडण्याची कोणाची छाती नव्हती.

खटका वर गेला. दिवे, पंखे, कॉम्प्युटर, सगळे एकदम जागे झाले आणि रोजची आरोळी उठली.

"कुंदनदादा, ड्राइव्ह नाय आली! परत लाल फुली!"

कोपऱ्यात एक काळी पेटी आहे. कंटेनरच्या नोंदी, गेटपास, सारे तिच्यात साठवलेले असते आणि सगळे कॉम्प्युटर तिथूनच ते उचलतात. जोडणी झाली नाही, की पडद्यावर ड्राइव्हच्या चित्राला लाल फुली लागते, गेटपास निघत नाही आणि बाहेर ट्रेलरवाले हॉर्न बडवतात. मग कुंदन टेबलाटेबलाशी जाऊन पासवर्ड घाली. तो त्याने कोणालाही सांगितला नव्हता.

"थांबा रं, येतो ना एकेक करून."

"दादा, तुमी नसता ना, तर आमी घरी जाऊन झोपलो असतो," गेटपासवाली प्राची म्हणाली.

हे ऐकण्यासाठीच तो रोज सर्वांच्या आधी येतो, हे मला ठाऊक होते.

बंडूशेठ गेले तेव्हा कुंदन कॉम्प्युटरच्या डिप्लोम्याला होता. शिक्षण अर्ध्यावर टाकून त्याने यार्ड सांभाळले. दहाव्याला खाडीकाठी कावळा पिंडाला शिवेना. तेव्हा धाकट्या मितेशने हात जोडले. "बाबा, दादाचं ऱ्हायलेलं शिक्षन मी पुरं करून देईन." कावळा शिवला. पुढे मितेश इंजिनिअर झाला, ऐरोलीला नोकरीस लागला, आणि तो शब्द खाडीवरच राहिला.

मितेशची बायको उन्नती त्याच्याच कंपनीत होती. ती नोकरी सोडून यार्डात आली. धाकट्या सुनेने थोरल्या दिराशी थेट बोलायचे नाही, ही आमची रीत. तिचे शब्द माझ्यामार्फत जात.

"आई, दादांना सांगा, हे कॉम्प्युटर नवे आहेत, चटकन उठतात. पेटीला उठायला वेळ लागतो. ती उठायच्या आधीच हे तिला हाक मारतात आणि ओ आली नाही की सोडून देतात. पेटी रात्री बंद करायला नको."

कुंदनही माझ्याकडेच पाहून म्हणाला, "आई, तिला सांग, इतकी वर्सं चाललं आमचं. नवी मानसं आली, तवा चुका दिसाया लागल्या."

मी विचार केला आणि पेटीपुरता सासऱ्यांचा नियम सैल केला. वायरमन बोलावून तिला स्वतंत्र तार दिली.

दुसऱ्या सकाळी खटका वर गेला आणि कोणीच ओरडले नाही. प्रिंटरमधून गेटपास सरसर निघू लागले. कुंदन सवयीने टेबलाटेबलाशी जाऊन आला.

"नीट बघा, कुठं तरी फुली असंल."

"नाय दादा. वहिनींनी केलं ना!"

घरात दुसरे मूल आले की पहिले जसे पाळण्याकडे पाहते, तसा तो उन्नतीच्या टेबलाकडे पाहू लागला. जेवताना मला म्हणे, "तुझ्या लाडक्या सुनंला दे आता मेन स्विच पन." मी म्हणे, "निमूट जेव." तेवढ्याने मत्सर शमतो थोडाच!

मग एका सकाळी पुन्हा सगळीकडे लाल फुली उमटली. कोणी हाक मारण्याआधीच कुंदन बाह्या सारून उभा होता.

"उन्नतीवहिनी! ओ वहिनी! फुली आली!" प्राची ओरडली.

त्याचे उचललेले पाऊल तसेच राहिले. तो खाली बसला.

उन्नती पेटीपाशी वाकली. प्लग काढून बाजूला ठेवलेला होता. तिने तो हातात धरला, माझ्याकडे पाहिले, मग कुंदनकडे. त्याचे कान लाल झाले होते. मी भीड ठेवणारी बाई नव्हे. तोंड उघडणार, तोच तिने प्लग मुकाट्याने खोचला, ऑफिस ओलांडून ती त्याच्या टेबलासमोर उभी राहिली आणि माझ्याकडे न पाहता बोलली.

"दादा, माझंच काम अर्धं राहिलं. पेटी कधीही बंद पडू शकते. ओ येईपर्यंत कॉम्प्युटरनी पुन्हा पुन्हा हाक मारली पाहिजे. ती सूचना घालायची राहिली. तुम्ही टाइप करा, मी सांगते."

निरोप मी पोहोचवावा म्हणून कुंदनने माझ्याकडे पाहिले. मी खिडकीबाहेर पाहू लागले.

"मला नाय येत," तो अखेर म्हणाला. "अर्धंच शिकलोय मी."

"माहीत आहे. उरलेलं शिकवते ना."

त्याने खुर्ची सरकवून तिला जागा दिली.

"पासवर्ड?" तिने विचारले.

"बाबांचं नाव," तो सर्वांदेखत म्हणाला. "नि पुढं मी कॉलेज सोडलं ते साल."

काम झाल्यावर तिने पेटी मुद्दाम बंद ठेवून कॉम्प्युटर चालू करवले. लाल फुल्या आल्या. मग पेटी लावली. ती सावकाश जागी झाली आणि टेबलाटेबलावरची फुली आपोआप पुसत गेली. कोणी हात लावला नव्हता.

"आता तं मला कोनीच हाक मारनार नाय," कुंदन हसत म्हणाला, पण ते हसू पुरते नव्हते.

त्यानंतर दुपारचे डबे झाले की दोघांचा धडा चाले. एखादी गोष्ट तिला आधी सुचली की तो अजूनही तोंड फिरवी, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पुस्तक घेऊन बसे. मध्ये मी लागत नसे. त्याने डिप्लोम्याची राहिलेली परीक्षा बाहेरून दिली आणि या उन्हाळ्यात तो पास झाला.

निकालाच्या दिवशी मी डब्यातला पहिला घास, वर दह्याचा थेंब घालून, यार्डाच्या कुंपणावर ठेवला. कावळा आला की नाही, ते पाहायला थांबले नाही. घराचे देणे फिटले होते.