यतिनचा निम्मा हिस्सा

वडील गेल्यावर पेंडल हिल या उपनगरातलं घर मंजिरी आणि तिचा धाकटा भाऊ यतिन यांच्या नावावर निम्मंनिम्मं झालं. यतिनने वकिलाचे कागद सह्या करून पोस्टाने पाठवले आणि पुन्हा गडप झाला. नऊ वर्षांपूर्वी वडिलांनी त्याला "या घरात पाऊल टाकायचं नाही" म्हटलं होतं, तेव्हापासून तो असाच. फोन बंद, मेलला उत्तर नाही.

मंजिरीने घर भाड्याने दिलं. भाडं तिच्या खात्यात यायचं, आणि दोन वर्षं तिने ते सगळंच्या सगळं आपल्या टॅक्स रिटर्नमध्ये दाखवलं. यंदा मात्र नवी अकाउंटंट नुपूर कागद चाळता चाळता थांबली.

"घराच्या टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, दोन नावं आहेत. मग भाडं अर्धंच तुमचं."

"पण पैसे माझ्याच खात्यात येतात. टॅक्सही मीच भरते, पूर्ण."

"खातं कोणाचं ते टॅक्सवाले बघत नाहीत, मालकी बघतात. अर्धं भाडं, अर्धा खर्च भावाच्या रिटर्नमध्ये जायला हवा. तुमचे मागचे दोन रिटर्न दुरुस्त करू. पण भावाला शोधा."

त्या दिवसापासून यतिन तिच्या मानगुटीवर बसला. भाडं जमा झाल्याचा मेसेज आला की वाटायचं, खांद्यामागून कोणीतरी तो वाचतंय. कामावर लॅबमध्ये मायक्रोस्कोपवर वाकली की पाठीशी कोणाचा तरी श्वास जाणवायचा.

मग भाडेकरणीचा फोन आला. दीक्षा आणि तिचा नवरा धम्मदीप, नागपूरचं तरुण जोडपं.

"ताई, शनिवारी आम्ही दोघं शिफ्टला असतो. परत येतो तर लिंबाच्या झाडाखालचं गवत काढलेलं असतं. तुम्ही कोणाला पाठवता का?"

"नाही."

"आम्ही भूतबित मानत नाही. पण धम्मदीप आता परसात एकटा जात नाही."

शनिवारी दीक्षाला विचारून मंजिरी त्यांच्या रिकाम्या किचनमध्ये जाऊन बसली. अडीचच्या सुमाराला गेटची कडी वाजली. खिडकीतून तिला वडील दिसले. तोच झुकलेला डावा खांदा, तीच पाय ओढत चालायची ढब. तो माणूस झाडाखाली उकिडवा बसला, तेव्हा मानेवरचा भाजल्याचा डाग दिसला. यतिनचा.

ती मागच्या दाराने बाहेर आली.

"भाडेकरू घाबरलेत रे," ती म्हणाली. दुसरं काही सुचलंच नाही.

"घरात नाही शिरलो कधी. नुसता परसात येतो."

"घर निम्मं तुझं आहे. भाडंही. तुझं मी वेगळं काढून ठेवलंय."

"मला नको."

"नको म्हणून चालत नाही. टॅक्स तुझ्या नावावर लागतोच." मग हळूच विचारलं, "कधीपासून येतोस?"

"बाबा होते तेव्हापासून. एकदा त्यांनी काचेतून पाहिलं मला. हात वर केला. हाकलतायत वाटलं, म्हणून पळालो."

मंजिरी पायरीवर बसली. शेवटच्या महिन्यांत वडील रोज सांगायचे, परसात कोणीतरी उभं असतं, त्याला आत घ्या. तिला तो भास वाटला. तिने डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी गोळ्या दिल्या. त्यानंतर वडील दिवसभर झोपून असायचे, खिडकीकडे बघायचेही नाहीत.

तिने हे सगळं यतिनला सांगितलं, काही न लपवता.

"आत घ्या म्हणाले?" त्याने एवढंच विचारलं, आणि किती तरी वेळ मुठीतलं गवत सोडलं नाही.

पुढच्या आठवड्यात तो नुपूरकडे येऊन आपला टॅक्स नंबर देऊन गेला. दोघांचे रिटर्न मार्गी लागले, मंजिरीने जास्त भरलेला टॅक्स परत आला. यतिन आता महिन्यातून एकदा स्कोफिल्ड्सला तिच्या घरी जेवायला येतो. फार बोलत नाही. वडिलांचा विषय दोघंही काढत नाहीत. फक्त मागच्या दाराशी खुट्ट झालं की मंजिरी हातातलं टाकून दार उघडायला उठते. बहुतेक वेळा वारा असतो.