भुऱ्याची शिकवणी

मैनाबाईंनी मागचं दार हळूच ओढून घेतलं आणि भुऱ्यापुढे अर्धी भाकर टाकली. ती दोन घासांत संपली, तशी उरलेली अर्धीही गेली. समोरच्या अंगणात त्यांची सून ऋतुजा उकडलेल्या अंड्याचे तुकडे घेऊन त्याच कुत्र्याची वाट बघत होती. खाली बसला की शाब्बास म्हणायचं आणि तुकडा द्यायचा, मार नाही की आरडाओरडा नाही, अशी तिची रीत. मैनाबाईंना ती काही पटत नव्हती. मुक्या जिवाला अट घालून खाऊ घालणं त्यांच्या सात पिढ्यांत कुणी केलं नव्हतं.

शिकवणी मात्र गरजेची होती. माणूस दिसलं की भुऱ्या प्रेमानं अंगावर उडी घ्यायचा. त्या प्रेमापायी शेजारच्या यमुताई फाटकातच पडल्या आणि मनगट मोडून बसल्या. हुडकेश्वरच्या त्या गल्लीत मग दुसरा विषयच उरला नाही. मैनाबाईंचे यजमान बाबनराव यांनी निकाल देऊन टाकला: पोळ्यापर्यंत सुधारला तर ठीक, नाहीतर पारशिवनीला ओळखीच्या चंपतरावांच्या शेतावर. त्या शेतावरचं आधीचं कुत्रं बिबट्यानं नेलं होतं. हे ठाऊक असूनही मैनाबाई भाकर चारतच होत्या. माया आंधळी असते ती अशी.

पोट भरलेला भुऱ्या अंड्याकडे ढुंकूनही बघेना. ऋतुजाला त्याच्या मिशांना चिकटलेला भाकरीचा कण दिसला. दुसरी कुणी असती तर घरात महाभारत झालं असतं. ही मात्र आपल्याला सोडून तो सासूबाईंकडे कसा धावतो, ते बघत राहिली, आणि त्याला खरं काय हवंय ते तिला कळलं. या पोरीचं कौतुक करावं तेवढं थोडं.

“आई, अंडं राहू द्या,” ती म्हणाली. “त्याले तुम्हीच पाहिजे. तो उडी मारेल तवा पाठ फिरवा. खाली बसला का मंग जवळ घ्या.”

ऐकायला सोपं, पण भुऱ्याकडे पाठ फिरवताना मैनाबाईंच्या डोळ्यांत पाणी यायचं. हात आपसूक मागे जायचा. हात गेला तर ऋतुजा काही बोलत नसे. नाही गेला की म्हणायची, “आई, मस्त जमलं.” हळूहळू भुऱ्या बसायला लागला. मैनाबाई तर हातातलं काम टाकून, पदर खोचून, त्याच्याही आधी अंगणात हजर असायच्या.

पोळ्याच्या आदल्या दिवशी यमुताई प्लास्टरातला हात सांभाळत फाटकाशी आल्या. भुऱ्या सुसाट धावला. यमुताईंपुढे पोचताच त्याचं सगळं अंग थरथरलं, आणि तो खाली बसला. यमुताईंनी घाबरत घाबरत चांगल्या हातानं त्याचं डोकं कुरवाळलं. बाबनराव उठले. त्यांनी चंपतरावांना फोन लावला आणि कुत्रं येत नाही एवढं सांगितलं.

संध्याकाळी जेवायला बसल्यावर त्यांनी बायकोला चिडवलं.

“कुत्र्यासंगं तुले बी शिकवलं वं सुनेनं. ‘मस्त जमलं’ म्हटलं का तू हजर.”

“मालूम हाये मले,” मैनाबाई तव्यावरची भाकर उलटत म्हणाल्या. “पहिल्याच दिवशी समजलं होतं.”

“मंग काहून जाऊन राहिली होती?”

“चांगलं वाटे मले. या घरात आली तवापासून कोणी म्हटलं नव्हतं.”

बाबनरावांचा घास हातातच राहिला. मग तो त्यांनी भाजीला लावून तोंडात घातला आणि बराच वेळ चावला.

“भाजी...” ते म्हणाले.

एवढा शब्द त्यांच्या तोंडून निघाला की पुढे मिठाचीच तक्रार असायची. मैनाबाईंनी सवयीनं मिठाचा डबा पुढे केला. त्यांनी तो हातानं परत सारला.

“मीठ नाही मागून राहिलो मी.”

मैनाबाई उलथणं हातात धरून पुढचं ऐकायला उभ्या राहिल्या.