लाल नोझल आणि चिंध्यांचा मुकुट

मी एक जुना प्रेशर वॉशर आहे, पाण्याच्या जोरदार धारेनं गाड्या-फरश्या धुणारं मशीन. तसा वयानं फार नाही, चारच वर्षांचा. पण त्यातली साडेतीन वर्षं मी चादरीखाली उभा आहे, आणि चादरीखाली कोणीही लवकर म्हातारं होतं. मित्रांनो, आज तुम्ही मला पाहिलंत तर नाक मुरडाल. माझ्या चाकांना गंज चढलाय, नळीला भेगा पडल्यात आणि पोटात कोळ्यानं संसार मांडलाय. पण एके काळी माझ्या खोक्यावर ठळक अक्षरांत 'दोनशे बार' असं छापलेलं होतं. बार म्हणजे पाण्याच्या दाबाचं माप. तो आकडा वाचून भली शहाणीसुरती माणसं वेड्यासारखी वागताना मी पाहिली आहेत.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. जन्मताना कोणी मायेनं हात फिरवला असं काही नाही. एका बाईनं पोटात पंप बसवला, दुसरीनं स्क्रू पिळले आणि शेवटी एका माणसानं मला चालू करून धार लाकडी फळीवर धरली. फळीचा ढलपा उडाला. "जनावर आहे!" तो म्हणाला. आयुष्यातलं माझं पहिलं कौतुक ते. मी ते जन्मभर उराशी धरून बसलो, आणि खरं सांगायचं तर तिथंच मी बिघडलो.

दुकानात आम्ही तिघं शेजारी शेजारी होतो. डावीकडे शंभर बारचा एक बुटका, मध्ये दीडशेवाला, आणि उजवीकडे मी. बुटक्याला मी येताजाता चिडवायचो. "तू काय धुणार रे? चहाचे कप?" घरी गाडी धुवायला त्याच्याइतकं योग्य मशीन नव्हतं, हे मला तेव्हाही माहीत होतं.

एके दिवशी एक जोडपं आलं. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता. घरात सगळ्यांत लहान, म्हणून त्याला सगळे धाकटाच म्हणत. बायकोला वाचायची सवय. औषधाच्या बाटलीपासून बसच्या तिकिटापर्यंत हाती येईल ते ती वाचायची, म्हणून तिच्या नणंदेनं तिचं नाव मास्तरीणबाई ठेवलं होतं. त्यांच्या घरी नुकतीच पहिली गाडी आली होती.

दुकानदारीण सरळ बाई होती. तिनं बुटक्याच्या डोक्यावर हात ठेवला. "घरच्या गाडीला हा भरपूर आहे."

"अहो, हाच घेऊ या," मास्तरीणबाई म्हणाली. "उचलायलाही हलका आहे."

धाकट्याचे डोळे केव्हाचे माझ्या आकड्याला चिकटले होते. "कामावरच्या एकाकडे दीडशेचा आहे. रोज माझं डोकं खातो. हा दोनशेचा द्या."

"तो कारखान्यातल्या फरश्यांसाठी आहे, दादा. गाडीचा रंग निघेल."

"लांबून मारीन ना."

दुकानदारीण हरली. बांधून देताना तिनं नळीच्या तोंडाला लावायची पाच रंगीत नोझल धाकट्याच्या हातावर ठेवली. "गाडीला पांढरंच लावा, त्यानं धार पसरते. हे लाल मात्र दगडासाठी. याची धार सुईसारखी असते. माणसाच्या जवळ आणायचं नाही. आणि काही लागलं तर लगेच..."

"कळलं हो, लहान आहे का मी?" धाकटा म्हणाला आणि मला उचलून चालायला लागला. मी वळून बुटक्याला वाकुल्या दाखवल्या.

मित्रांनो, आता त्या घराबद्दल सांगतो, नाहीतर पुढचं तुम्हाला पटायचं नाही. घर धाकट्याच्या थोरल्या बहिणीनं उभं केलेलं. तिला सगळे ताई म्हणत. आईबाप गेले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि धाकटा सहा. शिलाईच्या जोरावर तिनं त्याला वाढवलं, शिकवलं, त्याचं लग्न लावलं. मागच्या खोलीत तिचं शिलाई मशीन होतं आणि त्याच्या बाजूला मला जागा मिळाली. ताई बोटाला अंगुस्तान कधी घालायची नाही. उजव्या हाताच्या तर्जनीनंच सुई ढकलायची. ते बोट इतकं घट्ट झालं होतं, की धाकटा म्हणायचा, "ताईच्या बोटावर खिळा वाकेल."

त्याच खोलीत जेवणाचं टेबल होतं, आणि टेबलावरच्या भिंतीत एका खिळ्याला चिंध्यांचा मुकुट टांगलेला होता. लाल, निळ्या, पिवळ्या कापडाचे उरलेले तुकडे जोडून ताईनंच तो शिवला होता, धाकटा सहा वर्षांचा असताना. घरात कोणी "दुखतंय" म्हणालं, कोणी रडलं, की त्यानं तो मुकुट घालून जेवायचं आणि बाकीच्यांनी त्याला 'नाजूकबाई' म्हणायचं. ताईनं हा नियम का केला, ते मला शिलाई मशीननं सांगितलं. लाड करायला कोणी उरलं नव्हतं, तेव्हा निदान रडणं तरी हसण्यावारी न्यावं, म्हणून. त्या वेळी ते शहाणपणाचंच होतं. पण धाकटा मोठा झाला तरी मुकुट खिळ्यावरून उतरला नाही.

मास्तरीणबाई लग्न होऊन आली आणि दोन वर्षांत तिनं तो मुकुट चार वेळा घातला. तेलानं हात भाजला तेव्हा एकदा. दाढ दुखली तेव्हा एकदा. जिन्यावरून पाय घसरला तेव्हा एकदा. चौथ्यांदा तिच्या वडिलांना अर्धांगवायू झाल्याचा फोन आला आणि ती ताटावर बसून रडायला लागली. ताईनं मुकुट काढून स्वतःच्या हातानं तिच्या डोक्यावर ठेवला. "आल्या बघा नाजूकबाई!" धाकटा हसला. मास्तरीणबाई मुकुट घालून मुकाट्यानं जेवली आणि ताटात एक शीतही उरू दिलं नाही. हे मी आल्यावरच घडलं. मला हसता येत नाही, नाहीतर मीही हसलो असतो. दोनशे बारचं मशीन मी, मला काय रडकी माणसं आवडणार?

सहा महिने मजेत गेले. दर रविवारी सकाळी मला अंगणात ओढत न्यायचे. मी गर्जायचो, पांढऱ्या नोझलमधून पंख्यासारखी पसरट धार फुटायची आणि गाडी लख्ख व्हायची. ताई गाडीतली रबरी पायपुसणी काढून दोन्ही हातांत उभी ताणून धरायची, अगदी कापड धरावं तशी, आणि धाकटा त्यांवर धार मारायचा. मास्तरीणबाईनं माझ्यासोबत खोक्यात आलेलं माहितीचं पुस्तक पाठ केलं होतं. ती पायरीवरून ओरडायची, "अहो, धारेसमोर हात नको असं लिहिलंय! ताई, जमिनीवर ठेवा ना ती!"

"मास्तरीणबाई, पाण्याला भितेस होय?" ताई म्हणायची. "आंघोळ कशी करतेस मग?" मग दोघं भावंडं हसून हसून लोटपोट व्हायची.

तिसऱ्यांदा असं झालं आणि त्यानंतर मास्तरीणबाई ओरडायची बंद झाली.

त्या रविवारी पायपुसण्यांवर डांबर चिकटलं होतं. रस्त्याचं काम चालू होतं ना बाहेर. पांढऱ्यानं निघेना. धाकट्यानं डांबर काढायचा कडक साबण आणला आणि माझ्यात येणाऱ्या पाण्याच्या पिंपात बाटलीभर ओतला. मग खिशातून लाल नोझल काढून मला लावलं. मित्रांनो, तेव्हा मला काय वाटलं सांगू? आनंद झाला. सहा महिने मला पंखा करून वारा घालायला लावलं होतं. आता कुठं मी जन्माला आलो तसा चालणार होतो.

ताईनं पायपुसणी ताणून धरली. माझी धार डांबरावर आदळली, डांबर उडालं, धाकटा "वा रे पठ्ठ्या!" म्हणाला आणि त्याचा हात वीतभर सरकला. रबराच्या कडेवरून मी ताईच्या उजव्या तर्जनीच्या टोकाला लागलो. डोळ्याचं पातं लवेपर्यंतच.

ताईनं पायपुसणी टाकली. "आई गं!" एवढंच म्हणाली. धाकट्यानं मला बंद केलं आणि दोघा भावंडांनी बोट पाहिलं. टाचणी टोचल्यासारखं एक भोक. रक्ताचा थेंबही धड नाही.

"हात्तिच्या!" धाकटा म्हणाला. "मला वाटलं बोट तुटलं की काय!"

"थोडं झिणझिणतंय रे," ताई म्हणाली.

आणि मास्तरीणबाई पायरीवरून उठली. तिच्या चेहऱ्यावरचा उजेड मी कधी विसरणार नाही. ती आत गेली आणि मुकुट घेऊन आली. "ताई, 'आई गं' म्हणालात. मी ऐकलंय. नियम म्हणजे नियम."

धाकट्यानं टाळी वाजवली. ताईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण नियम तिचाच. जेवताना तिनं मुकुट घातला. धाकटा तिला वाढताना म्हणत होता, "नाजूकबाई, भात चमच्यानं भरवू का?" ताई डाव्या हातानं जेवत होती. ते कोणी पाहिलं नाही. मी पाहिलं. मला माहीत होतं काय झालंय. त्या टाचणीएवढ्या भोकातून साबण, डांबर आणि माझं पाणी बोटाच्या आत पार मुळापर्यंत गेलं होतं. पुस्तकाच्या नवव्या पानावर लिहिलेलंच आहे, जखम किती का लहान दिसेना, लगेच इस्पितळात जा. मास्तरीणबाईला ते पान पाठ होतं. तिनं जेवण होईपर्यंत तोंड उघडलं नाही. चार वेळा मुकुट घातलेलं माणूस इतकं गप्प बसू शकतं, हे मला त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी बोट फुगलं आणि पांढरं पडलं. आता मात्र मास्तरीणबाई घाबरली. "ताई, डॉक्टरकडे चला. पुस्तकात लिहिलंय."

ताईचे दात एकमेकांवर आवळलेले होते. "एवढ्याशा भोकाला डॉक्टर? मुकुट घालून जाऊ का तिथं?"

"ताई, मी हसणार नाही. चला ना."

"शाळेचे चाळीस सदरे द्यायचेत उद्या." आणि ती शिलाई मशीनवर बसली. माझ्यापासून हातभर अंतरावर. कापड सरकवताना तिच्या तोंडून आवाज निघायचा, तो झाकायला ती मशीन जोरात चालवायची. मित्रांनो, ती एकदा, फक्त एकदा, मोठ्यानं ओरडली असती तर! पण रडणाऱ्याला हसायचं, हे तिनंच सगळ्यांना शिकवलं होतं. आता ती कुठल्या तोंडानं रडणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मशीनवरच घेरी येऊन पडली. हात कोपरापर्यंत सुजला होता. दोघांनी तिला गाडीत घातलं. माझ्यामुळं लख्ख झालेली तीच गाडी.

इस्पितळात डॉक्टरीण काय म्हणाली, ते घरी आल्यावर धाकटाच परत परत बोलत होता, कोणी विचारलं नसताना. "भोक केवढं आहे ते काय बघत बसलात? आत काय गेलंय ते बघायचं होतं. काल सकाळीच आणलं असतं तर बोट वाचलं असतं." ताईची उजवी तर्जनी मुळापासून काढावी लागली.

सदरे दुसऱ्या शिंप्याकडे गेले. शिलाई मशीनवर चादर पडली, आणि चादर मोठी होती म्हणून तिचं दुसरं टोक माझ्यावर आलं. मला वाईट वाटलं का? वाटलं. फार उशिरा वाटलं, आणि त्याचा कोणाला काही उपयोग नाही. त्या बुटक्याला मी चहाचे कप धुणारा म्हणायचो. तो या घरात आला असता तर आज ही खोली शिवणाच्या आवाजानं भरलेली असती.

पट्टी सुटली त्या दिवशी तिघं टेबलावर जेवायला बसली, आणि चादरीच्या फटीतून मी बघत होतो. ताईनं उजव्या हातानं घास उचलला आणि तो चार बोटांतून ताटात सांडला. धाकट्याचा बांध फुटला. दोन्ही हातांनी तोंड झाकून तो हमसून हमसून रडायला लागला. "ताई, मी केलं गं! मी हसलो गं तुला!"

ताईनं सांडलेला घास ताटाच्या कडेला सारला. मग म्हणाली, "मास्तरीणबाई, मुकुट आण."

"ताई, नको ना."

"आण म्हटलं ना. नियम म्हणजे नियम."

मास्तरीणबाईनं मुकुट काढून दिला. ताईनं तो धाकट्याच्या डोक्यावर ओढून बसवला, आणि बावीस वर्षांची जुनी शिवण टर्रकन उसवली. मुकुट त्याच्या डोक्यावरून ताटात पडला. कोणी हसलं नाही. मास्तरीणबाईनं धावत जाऊन सुईदोरा आणला, तर ताई म्हणाली, "दे इकडे." तिनं सुई अंगठ्यात आणि मधल्या बोटात धरली. ती निसटली. परत धरली. परत निसटली. बराच वेळ चाललं ते. शेवटी तिनं सुई टेबलावर ठेवली आणि हळूच म्हणाली, "दुखतंय रे." बावीस वर्षांत पहिल्यांदा.

मित्रांनो, मला तेल घाला, माझा गंज काढा, असलं काही मी तुमच्याकडे मागत नाही. मशीन घ्याल तेव्हा आकड्याला भुलू नका आणि पुस्तक वाचणाऱ्याला हसू नका, एवढं केलंत तरी पुष्कळ. आणि घरात कोणी 'आई गं' म्हणालं, तर आधी त्याचा हात हातात घेऊन बघा. चेष्टा नंतरही करता येते. तो मुकुट अजून त्याच खिळ्याला आहे, उसवलेलाच, कारण या घरात शिवणारं ते बोट आता नाही.