वरच्या टोकाची खरखर

“संबोधी, जिद सोड यार. वरचा अर्धा रेंज काढून टाक. खालचा मस्त चालतोय ना? शुक्रवारी तोच दाखवू.”

देवेंद्र सर बेंगळुरूहून बोलत होते. फोन स्पीकरवर होता, आणि समोरच्या पडद्यावर संबोधीची डोकेदुखी जशीच्या तशी उभी होती.

“सर, कस्टमरला पूरा रेंज पाहिजे. अर्ध्या रेंजचा बोर्ड त्यांच्याकडे आहेच. मग आपला घेतील कशाला?”

“नाही घेतला तर काय होणार, तुला माहीत आहे. इंदौरची लॅब बंद. तू इकडे शिफ्ट.”

फोन बंद झाला. स्नेहलतागंजातल्या त्या दोन खोल्यांच्या लॅबमध्ये डिझाइन करणारी संबोधी एकटीच होती. तिला बेंगळुरूला जायला कुणाची हरकत असणार? एकट्या तात्यारावांची, आणि तीही ते कधी बोलून दाखवणार नव्हते. तात्याराव म्हणजे तिचे वडील, सैन्याच्या सिग्नल विभागातले निवृत्त हवालदार. डोळ्यांनी जवळजवळ साथ सोडलेली. पण इंदौरजवळच्या महूत, त्यांच्या गल्लीत उंबरा, नळ, विहारापर्यंतची वाट, सगळं त्यांच्या पावलांना पाठ होतं. दुसऱ्या शहरात नेलं तर हा माणूस खुर्चीला जखडला जाणार. तिने विचारलं असतं तर “चल” म्हणाले असते, आणि तिला भीती त्याचीच होती. म्हणून ती घरी काही बोललीच नव्हती.

तिच्या बोर्डाचं काम सांगायला सोपं, करायला अवघड. एक सर्किट लहरी सोडतं, दुसरं त्या लहरी एका पक्क्या घड्याळाशी ताडून बघतं आणि जरा कुठे पाऊल चुकलं की एका बारीक तारेतून व्होल्टेज पाठवून त्यांना पुन्हा तालावर आणतं. रेंज मोठी हवी असेल तर थोड्या व्होल्टेजवर लहरींची फ्रीक्वेन्सी खूप बदलली पाहिजे. इथेच गोची. नळ जरा फिरवला की भसकन धार यावी, तसं होतं. तारेत किंचित घाण शिरली तरी तिची केवढी तरी खरखर होते. रेंज आणि शांतता एका घरात नांदवता नांदवता संबोधीचं वर्ष गेलं होतं. आणि नांदल्या होत्या की! दसऱ्याच्या आधी तिने स्वतः पाहिलं होतं, पडद्यावर पार वरच्या टोकापर्यंत स्वच्छ रेघ.

दसऱ्याला ती सुट्टीवर गेली. तिच्या घरी तो धम्मचक्र प्रवर्तन दिन. तात्यारावांचा हात धरून विहारात जायचं, घरी खीर करायची. परत येऊन बघते तो वरच्या भागात रेघेच्या दोन्ही बाजूंना शिंगं उगवलेली.

तिने पॉवर सप्लाय बदलला. फिल्टरचे कपॅसिटर बदलले. लहरींना तालावर आणणारा लूप आवळून पाहिला, तर शिंगं कमी झाली, पण सर्किट तालावर यायलाच इतका वेळ घेऊ लागलं की कस्टमरने हाकलून दिलं असतं. चोर सोडून संन्याशाला सुळी देणं चाललं होतं सगळं.

आता फोन ठेवल्यावर ती हात बांधून नुसती बघत बसली. खाली ठीक, वर खराब. वर जायचं म्हणजे तारेत व्होल्टेज वाढवायचं. म्हणजे व्होल्टेज वाढलं की ते कुठेतरी झिरपतंय. पार्ट चांगले आहेत, मग झिरपतंय ते बोर्डाच्या अंगावरून!

तिने स्पिरिटमध्ये कापूस बुडवला आणि त्या तारेच्या आसपास, पार्टच्या पोटाखाली हळूच फिरवला. कापूस गुलाबी झाला.

“काका, जरा इकडे या बरं.”

स्टोअर सांभाळणारे चिंतामणराव आले. कापूस पाहिला आणि त्यांचा चेहराच पडला.

“बेटा, गलती माझी आहे,” ते म्हणाले. “दसऱ्याला पूजा केली ना मशीनींची. स्कोपला, सोल्डरिंगला, सगळ्यांना टिळा लावला. तुझा बोर्ड एकटा राहिला. म्हटलं, यानेच काय पाप केलंय? याला पण लावला.”

“मग मला दिसलं कसं नाही?”

“घरी गेल्यावर आठवलं, तुम्ही लोक हे मानत नाही. तू येऊन बघशील, तुला बुरा वाटेल. म्हणून दुसऱ्या दिवशी लवकर येऊन ओल्या रुमालाने पुसलं. एकदम साफ केलं होतं, कसम से!”

संबोधी त्यांच्याकडे बघतच राहिली. कुंकू तसंच राहिलं असतं तर तिला आल्या आल्या दिसलं असतं. पाणी लावून ते पार्टखाली पसरवलं होतं काकांच्या भिडेने. रागावायला तोंड उघडलं आणि तिला हसूच फुटलं. इतके दिवस गेलेली झोप, जेवणावरची उडालेली वासना, सगळं त्या हसण्यात बाहेर पडलं.

तिने बोर्ड धुतला, गरम हवेने वाळवला, चालू केला. पार वरपर्यंत नेला. शिंगं नव्हती. ती स्टुलावर बसली. मग तिने फोन लावला.

“सर, फुल रेंज. एकदम क्लीन.”

“अरे वा! क्या था?”

“बोर्ड गंदा होता. धुतला.”

“बस इतकंच? चल, मग शुक्रवारी पूरा दाखवू. लॅबचं टेन्शन सोड आता, वरच्यांशी मी बोलतो.”

चिंतामणराव दाराशीच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं.

“आता मी याला हात लावणार नाही, बेटा.”

“लावा ना काका. फक्त झाकणावर लावा, पुढच्या दसऱ्याला.”

“पुढच्या दसऱ्याला मी कुठे? मार्चमध्ये रिटायर होतोय.”

“तर काय झालं? छत्रीबागेतल्या घरून रिक्षा करून यायचं. मी आहे ना इथे.”

बोलून गेल्यावर ते तिलाच ऐकू आलं. मी आहे इथे. तिचे डोळे भरून वाहू लागले, आणि ते पुसायचंही तिला सुचेना. चिंतामणरावांनी पाठ फिरवली आणि खिशातच असलेल्या किल्ल्या ते टेबलावर शोधत राहिले.