आपलंच रक्त, आपल्याच टाचेला

चाकणजवळच्या त्या गावात अर्जुनरावांच्या शब्दाला वजन होतं; रक्तातली साखर तेवढी त्यांचं ऐकत नव्हती. पुतणीच्या लग्नात नवे कोरे बूट घालून ते दिवसभर मिरवले आणि टाच सोलून घेतली. चार महिने झाले, जखम भरायचं नाव घेईना.

मग काय, अख्खी भावकी डॉक्टर झाली. कुणी हळद सांगितली, कुणी झाडपाला, एकाने तर कंपनीतलं ग्रीस आणून दिलं. अर्जुनरावांनी सगळं भक्तिभावाने लावलं आणि अंबुबाईने, म्हणजे त्यांच्या बायकोने, तेवढ्याच वेळा तो पाय धुतला. शेवटी तिनेच त्यांना रिक्षात कोंबून दवाखान्यात नेलं.

डॉक्टर तेजस्विनी म्हणाल्या, "जखम झाली की सूज यायलाच हवी. जखमेतली घाण साफ झाली की ती ओसरते. तुमची ओसरलीच नाही, म्हणून जखम भरत नाही. तुमचं रक्त मशिनमध्ये फिरवून त्यातला प्लेटलेट्सचा भाग वर लावू. सूज उतरायला, कातडी धरायला मदत होईल. पण साखर आटोक्यात हवी, आणि टाचेवर भार नको."

"माझंच रक्त काढून मलाच लावणार? मग तुमचं काय त्यात?"

"मशिन," डॉक्टर शांतपणे म्हणाल्या.

पहिला लेप लावून पट्टी बांधली. दुसऱ्या दिवशी पट्टीच्या कडेने कातडी जरा लालसर दिसली. झालं! अंबुबाईचे चुलत दीर दादासाहेब पाल्याची वाटी घेऊन हजर. "वैनी, पाय गेला समजा. सोडा ती पट्टी."

अर्जुनरावांनी लगेच पाय पुढे केला. अंबुबाईने आधी दवाखान्यात फोन लावला. सुरुवातीला थोडी लाली चालते, ताप किंवा पू आला तर लगेच या, असं डॉक्टरांनी सांगितलं. तिने फोन ठेवला आणि वाटी दादासाहेबांच्या हातात परत दिली.

"भावजी, तुमचा गुडघा दुखतोय न्हवं? त्याला लावा."

तीस वर्षांत तिचा असा आवाज त्या घराने ऐकला नव्हता. अर्जुनरावांनी पाय गुपचूप मागे घेतला.

दर आठवड्याला दवाखान्यात रक्ताचा लेप झाला. तिसऱ्या आठवड्यात जखमेतून पाणी सुटायचं थांबलं, आठव्यात जखम मिटली. लगेच अर्जुनराव चौकात सांगू लागले, "डॉक्टरीणबाईंनी काय केलं? रक्तच आपलं तसं हाय!" लोकांनीही माना डोलावल्या.

ते कानावर आलं तशी अंबुबाईने त्याच दुपारी पिशवी भरली आणि देहूला बहिणीकडे निघाली.

"किती दिस?" अर्जुनरावांनी विचारलं.

"कळवीन की," ती म्हणाली, आणि रिक्षात बसली.